वजन घटविणारी शस्त्रक्रिया आणि औषधांचे शोषण : एक विवेचन

प्रस्तावना

औषधाची गोळी घशाखाली उतरली की औषध 'घेतले' असे आपण म्हणतो. शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्या क्षणी औषध अद्याप शरीराबाहेरच असते. मुखापासून गुदद्वारापर्यंतची पचननलिका ही देहातून आरपार गेलेली एक नळी आहे. तिच्या पोकळीतील वस्तू, मग तो अन्नाचा घास असो वा पाचशे मिलिग्रॅमची गोळी, नळीची भिंत ओलांडून रक्तात पोहोचेपर्यंत शरीराची झालेली नसते. ही भिंत ओलांडण्याच्या क्रियेस शोषण असे म्हणतात. डॉक्टर चिठ्ठीवर जी मात्रा लिहितात ती, जठर आणि आतडे निसर्गाने दिले तसेच आहेत, हे गृहीत धरून ठरलेली असते. वजन घटविण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेने नेमके हे गृहीतकच बदलते.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले ते एका सहकारी प्राध्यापिकेमुळे. त्यांना अवटू ग्रंथीचे कार्य मंद असण्याचा विकार अनेक वर्षांपासून होता आणि लेव्होथायरॉक्सिनच्या रोजच्या १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीवर तो नियंत्रणात होता. गॅस्ट्रिक बायपास झाल्यानंतर वर्षभरात त्यांचे वजन सुमारे तीस किलोंनी उतरले, रक्तातील टी.एस.एच.चा आकडा मात्र चढत गेला. वजन घटल्यावर या औषधाची गरज सामान्यतः कमी होते, वाढत नाही. मात्रा प्रथम १२५ आणि मग १५० मायक्रोग्रॅम करण्यात आली, तरी आकडा जागेवर येईना. थकवा, केस गळणे, थंडी सहन न होणे ही जुनी लक्षणे परतली. 'आतड्याचा मार्गच बदलला, आता औषध अंगी लागणार कसे?' असे निदान स्टाफरूममध्ये एकमताने झाले. लेखकही त्या एकमतात सामील होता. ते निदान चुकीचे होते. कसे, ते लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

या शस्त्रक्रियांनंतर तोंडाने घेतलेल्या औषधांचे काय होते, याचा ऊहापोह पुढे केला आहे. लेखक प्राणिशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यक व्यावसायिक नाही. त्यामुळे या लेखावरून कोणीही आपल्या औषधाची मात्रा परस्पर बदलू नये, हे सुरुवातीलाच नमूद करणे इष्ट.

शस्त्रक्रियेचे स्वरूप

वजन घटविण्यासाठी पचनमार्ग आखूड करण्याची कल्पना सत्तर वर्षांहून जुनी आहे. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून त्याचा आरंभीचा तुकडा थेट शेवटच्या तुकड्यास जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. वजन घटले, पण त्याबरोबर यकृताचे गंभीर विकार, मूत्रखडे व तीव्र कुपोषण उद्भवू लागले आणि ही पद्धत कालांतराने सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये वेगळा मार्ग धरला. पोटातील व्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग काढून टाकलेला असे, ते रुग्ण पुढे बारीकच राहतात, या नेहमीच्या निरीक्षणाचा त्यांनी उपयोग करून घेतला. त्यांच्या पद्धतीत पुढे सुधारणा होत गेल्या. सेझार रू या स्विस शल्यचिकित्सकाच्या नावाने ओळखली जाणारी आतड्याची इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी जोडणी तीत स्वीकारली गेली आणि आजची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया आकाराला आली.

या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावतील एवढीच लहान पिशवी वेगळी केली जाते. उरलेले जठर शरीरातच राहते, पण अन्नाच्या वाटेवरून बाजूला पडते. लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे ग्रहणी, आणि त्यापुढील मध्यांत्राचा आरंभ, हेही वगळले जातात. अन्न पिशवीतून थेट मध्यांत्रात उतरते. वगळलेल्या जठर-ग्रहणीतून पित्त व स्वादुपिंडाचा रस दुसऱ्या वाटेने खाली येतो आणि साधारण एक ते दीड मीटर पुढे अन्नास मिळतो. घरातील नळजोडणी बदलताना पाणी आणि सांडपाणी यांच्या वाटा नव्याने आखाव्या लागतात, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

आज जगात सर्वाधिक केली जाणारी शस्त्रक्रिया मात्र याहून साधी आहे. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग उभा कापून कायमचा काढला जातो आणि बाहीसारखी अरुंद नळी मागे ठेवली जाते. म्हणूनच तिला स्लीव्ह असे नाव पडले. आतड्याला येथे हात लावला जात नाही. औषधशोषणाच्या संदर्भात हा भेद अत्यंत महत्त्वाचा आहे; पण बहुसंख्य रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दोन्हींना 'बायपास' असेच म्हणतात. पुढे डॉक्टर बदलला की आपली नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली हे सांगता येत नाही आणि तिथूनच गोंधळास आरंभ होतो.

शस्त्रक्रियेची पात्रता शरीरभार निर्देशांकावर ठरते. २०२२ साली आंतरराष्ट्रीय व अमेरिकी शल्यचिकित्सक संघटनांनी एकत्रितपणे जे निकष सुधारले, त्यांत आशियाई लोकसंख्येसाठी हा उंबरठा २७.५ पर्यंत खाली आणला आहे. कमी निर्देशांकावरच मधुमेह व हृदयविकार जडण्याची आपल्या लोकांची प्रवृत्ती त्यामागे आहे. मुंबई-पुण्यापुरत्या मर्यादित असलेल्या या शस्त्रक्रिया आता लहान शहरांतही होऊ लागल्या आहेत. त्यामुळे त्या रुग्णांच्या पुढील तीस-चाळीस वर्षांतील सर्दी-खोकला, गुडघेदुखी, रक्तदाब यांची औषधे लिहून देणारा माणूस बहुधा शल्यचिकित्सक नसून गल्लीतला डॉक्टर असणार, किंवा केवळ औषधविक्रेता असणार.

गोळीपासून रक्तापर्यंत

गोळीचे रक्तात रूपांतर होण्यापूर्वी तिला बऱ्याच अवस्थांतून जावे लागते. ती आधी फुटली पाहिजे, मग विरघळली पाहिजे. विरघळण्यास जठरातील आम्लाची व घुसळणीची मदत होते. निरोगी माणसाच्या रिकाम्या जठराचा सामू एक ते तीनच्या दरम्यान असतो. बायपासमधील छोट्या पिशवीत आम्ल स्रवणाऱ्या पेशी फारच थोड्या उरतात, त्यामुळे तेथील सामू बराच वर जातो. जी औषधे आम्लातच नीट विरघळतात, त्यांची येथेच अडचण होते. इट्राकोनॅझोल हे बुरशीनाशक त्याचे ठळक उदाहरण. गेल्या दहा-पंधरा वर्षांत नायट्याचा प्रादुर्भाव आपल्याकडे इतका वाढला आहे की या औषधाची कॅप्सूल घराघरांत पोहोचली आहे. ही कॅप्सूल आम्लाच्या अभावी पुरेशी शोषली जात नाही. याच औषधाचे द्रवरूप मात्र आम्लावर तितकेसे अवलंबून नसते. बायपास झालेल्या रुग्णाचा नायटा महिनोन् महिने बरा होत नसेल, तर बुरशी औषधाला दाद देत नाही असे म्हणण्याआधी औषध रक्तात पोहोचते तरी का, हे पाहावयास हवे. कॅल्शियमच्या बाबतीतही हेच: कार्बोनेट या स्वरूपातील कॅल्शियमला आम्ल लागते, सायट्रेटला लागत नाही. म्हणून बायपासनंतर सायट्रेट सुचविले जाते.

विरघळण्यास लागणाऱ्या वेळेचे महत्त्व दाखविणारा एक अभ्यास येथे मुद्दाम सविस्तर सांगावासा वाटतो. बायपासनंतर काही रुग्णांच्या जठर-आतड्याच्या सांध्यावर व्रण होतात. त्यांवर आम्ल रोखणारी ओमेप्राझोल वर्गातील औषधे देतात. ही औषधे कॅप्सूलमध्ये बारीक दाण्यांच्या रूपात असतात. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅप्सूल अखंड गिळणारे आणि कॅप्सूल उघडून आतील दाणे घेणारे अशा रुग्णांच्या जुन्या नोंदींची तुलना करण्यात आली. अखंड कॅप्सूल घेणाऱ्यांचा व्रण भरण्यास लागलेला मध्यक काळ ३४२ दिवस होता, तर उघडून घेणाऱ्यांचा ९१ दिवस. औषध तेच, फरक होता तो केवळ जिलेटिनच्या वेष्टनाचा. लहानशा पिशवीत कॅप्सूल फार काळ थांबत नाही आणि ती फुटून दाणे मोकळे होईपर्यंत आतड्याचा बराच भाग मागे पडलेला असतो. हा अभ्यास मागे वळून पाहणारा होता, रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून केलेला नव्हता, ही त्याची मर्यादा खरीच. तरीही एवढा मोठा फरक दुर्लक्षिता येणारा नाही.

यावरून 'बायपासनंतर कॅप्सूल उघडूनच घ्यावी' असा सरसकट नियम काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. रक्त गोठू नये म्हणून देण्यात येणाऱ्या डॅबिगॅट्रान या औषधाची कॅप्सूल उघडून दाणे घेतल्यास त्याची जैव उपलब्धता सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते, असे त्याच्या माहितीपत्रकातच म्हटले आहे. म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. एका औषधाच्या बाबतीत जे शहाणपण ठरते तेच दुसऱ्याच्या बाबतीत घातक ठरते. या विषयाचे सारे काठिण्य येथेच आहे.

विरघळलेले औषध पुढे आतड्याच्या भिंतीशी येते. लहान आतड्याचा अंतर्भाग टेनिसच्या मैदानाएवढा पसरतो, असे आपण अध्यापक वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजणी करून संपूर्ण पचनमार्गाचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर इतकेच भरते, असे दाखवून दिले. (पाठ्यपुस्तकांतील टेनिसचे मैदान मात्र अद्याप हलले नाही.) क्षेत्रफळ कोणतेही धरले तरी, बायपासमध्ये वगळला जाणारा ग्रहणीचा भाग अनेक औषधांच्या शोषणास मोलाचा असतो. शिवाय सायक्लोस्पोरिनसारख्या स्निग्धद्राव्य औषधांना पित्तक्षारांची साथ लागते आणि पित्त आता उशिरा, खालच्या बाजूस भेटते. अवयवरोपण झालेल्या रुग्णांत म्हणूनच बायपासनंतर अशा औषधांची रक्तातील पातळी वरचेवर तपासावी लागते.

एवढ्यावरून शोषण सर्वत्र घटणार असे अनुमान निघते. ते अर्धेच खरे आहे. कारण आतड्याची भिंत ही केवळ प्रवेशद्वार नाही, ती जकातनाकेही आहे. तिच्या पेशींत सी.वाय.पी. ३ए४ नावाचे विकर असते. ते आत येणाऱ्या औषधाचा काही अंश तेथेच मोडून टाकते. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन आत शिरलेले औषध पुन्हा पोकळीत ढकलून देते. यांपैकी विकराची जकात लहान आतड्याच्या वरच्या भागात विशेष जड असते. तो भाग वगळला की औषधाचे प्रवेशद्वार अरुंद होते, पण जकातही चुकते. या दोहोंतील कोणता परिणाम वरचढ ठरेल, हे औषधागणिक आणि माणसागणिक बदलते.

'कमी शोषण' हा समज

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील सर्वपरिचित औषध घेऊ. ते लहान आतड्यात सावकाश शोषले जाते, म्हणजे आतडे वगळल्यावर त्याचे शोषण घटावयास हवे. कॅनडातील संशोधकांनी २०११ मध्ये बायपास झालेल्या व न झालेल्या प्रत्येकी सोळा व्यक्तींना हे औषध देऊन तुलना केली. जैव उपलब्धता बायपास झालेल्यांत सुमारे ४२ टक्के, तर न झालेल्यांत सुमारे २८ टक्के आढळली. म्हणजे घट तर नाहीच, उलट पन्नास टक्क्यांची वाढ. शस्त्रक्रियेनंतर उरलेले आतडे नव्या परिस्थितीशी जुळवून घेते, त्याच्या अंतर्भागातील रसांकुर वाढतात, हे प्राण्यांतील व माणसांतील अभ्यासांवरून ज्ञात आहे. वाढीचे एक संभाव्य कारण ते असू शकते.

त्याहूनही बोधप्रद ठरतो तो नॉर्वेतील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला ॲटॉर्व्हास्टॅटिनचा अभ्यास. कोलेस्टेरॉल कमी करणारे हे औषध आपल्या वयाच्या प्राध्यापकवर्गात तर चहाइतके परिचित आहे. त्याची मूळ जैव उपलब्धता केवळ १४ टक्क्यांच्या आसपास असते, कारण आतड्याची भिंत व यकृत मिळून त्याचा फार मोठा अंश रक्तात पोहोचण्यापूर्वीच मोडतात. हे औषध आधीपासून घेत असलेल्या बारा रुग्णांची बायपासपूर्वी आणि बायपासनंतर काही आठवड्यांनी, मात्रा तीच ठेवून, तपासणी करण्यात आली. कोणाच्या रक्तातील औषधाचा एकूण अंश एक-तृतीयांशावर उतरला, तर कोणाचा दुपटीवर गेला. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांच्यात हा अंश सर्वाधिक होता त्यांच्यात तो घटला आणि इतरांत बहुधा वाढला. ज्यांच्या आतड्यातील जकात मुळातच हलकी होती त्यांना ती चुकल्याचा लाभ झाला नाही, केवळ क्षेत्रफळ गमावल्याचा तोटा झाला, असा याचा अर्थ लावता येतो. बारा माणसे ही संख्या लहान आहे. परंतु सरासरी काढली असती तर या बारांपैकी जवळजवळ कोणालाच ती लागू पडली नसती, एवढे हा अभ्यास निश्चित सांगतो.

मद्याच्या बाबतीत शोषणाचा वेगच पालटतो. एरवी जठरात रेंगाळणारे मद्य बायपासनंतर थेट आतड्यात उतरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बायपास झालेल्या स्त्रियांमध्ये दोन पेयांचा रक्तातील परिणाम चार पेयांएवढा आढळला. मॉर्फिनसारखी झटपट शोषली जाणारी वेदनाशामकेही अधिक वेगाने शिखर गाठतात.

काळाचा घटक

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यातील शरीर आणि दोन वर्षांनंतरचे शरीर ही औषधाच्या दृष्टीने दोन वेगळी शरीरे असतात. नैराश्यावरील सेरोटोनिन-संबंधित औषधे घेणाऱ्या बारा रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. महिन्याभरात त्यांपैकी आठ जणांच्या रक्तातील औषधाचा अंश पूर्वीच्या सरासरी ५४ टक्क्यांवर आला. सहा महिन्यांनी त्यांपैकी अनेकांचा पूर्ववत झाला. मधल्या काळात काय घडते, याचा विचार करावा. रुग्णाचे वजन झपाट्याने घटत असते, नातेवाईक अभिनंदन करीत असतात आणि त्याच वेळी नैराश्य पुन्हा डोके वर काढत असते. ते शस्त्रक्रियेच्या ताणाचे किंवा 'मनाच्या कमकुवतपणाचे' लक्षण मानले जाते. गोळी नियमित चालू असते, म्हणून औषधावर कोणी संशय घेत नाही.

शोषणाखेरीज इतर गोष्टीही बदलत असतात. स्थूलतेत यकृतातील काही विकरांचे कार्य मंदावलेले असते. वजन उतरले की ते पुन्हा जोमाने चालू लागते आणि औषध अधिक वेगाने मोडते. वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाची गरज शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत घटते, कारण आहार अत्यल्प असल्याने 'के' जीवनसत्त्व पोटात जात नाही. पुढील महिन्यांत ती पुन्हा चढते. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे तर शोषणाचा प्रश्नच नसताना, केवळ रोग ओसरल्यामुळे, जास्त होऊ लागतात. इन्सुलिनची मात्रा काही दिवसांतच उतरवावी लागते. न उतरवल्यास रक्तशर्करा घसरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

जेथे चूक परवडत नाही

ॲटॉर्व्हास्टॅटिन थोडे कमी-अधिक झाल्याने आज-उद्या काही बिघडत नाही. लिथियमचे तसे नाही. उपयुक्त आणि विषारी पातळी यांतील अंतर त्यात अत्यंत कमी असते. शस्त्रक्रियेनंतर द्रव व मीठ पोटात कमी जाते, उलट्या होतात, मूत्रपिंड लिथियम रोखून धरते आणि विषबाधा होते. अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. अपस्मारावरील फेनिटॉइनची पातळी जुन्या आतडे-बायपासनंतर खाली जाते, हे १९७० च्या दशकातच लक्षात आले होते. या दोन्ही औषधांची रक्तातील पातळी मोजण्याची सोय उपलब्ध आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. ती शस्त्रक्रियेपूर्वी एकदा मोजून ठेवली तरच नंतरच्या आकड्याला अर्थ येतो.

रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या नव्या गोळ्यांबाबत आंतरराष्ट्रीय रक्तगुठळी संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात स्पष्ट इशारा आहे: स्थूलता-शस्त्रक्रियेनंतर लगेच त्या वापरू नयेत, किमान पहिले चार आठवडे इंजेक्शनावर राहावे आणि पुढे गोळी दिल्यास तिची रक्तातील पातळी तपासावी. यांपैकी रिव्हारॉक्सॅबान मुख्यतः पचनमार्गाच्या वरच्या भागात शोषले जाते आणि त्याच्या मोठ्या मात्रेला सोबत अन्न लागते. डॅबिगॅट्रानला आम्ल लागते. बायपास झालेल्या रुग्णाजवळ यांपैकी पुरेसे काहीच नसते.

आणखी दोन प्रकारच्या औषधांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही, कारण ती चिठ्ठीविना आपल्याकडे सहज हाती पडतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांमुळे बायपासच्या सांध्यावर व्रण होण्याचा धोका वाढतो. येथे प्रश्न शोषणाचा नसून इजेचा आहे. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे. गुडघा दुखतो म्हणून औषधाच्या दुकानातून 'नेहमीची' पाकिटे मागणाऱ्या गिऱ्हाईकाच्या पोटावर कधी शस्त्रक्रिया झाली आहे का, हे विचारणारा विक्रेता विरळाच.

दुसरा प्रकार गर्भनिरोधक गोळ्यांचा. वजन उतरले की अनेक स्त्रियांचे पाळीचे चक्र सुरळीत होऊन गर्भधारणेची क्षमता वाढते. नेमक्या त्याच काळात, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर किमान १२ ते १८ महिने, गर्भधारणा टाळावी असा सल्ला असतो, कारण मातेच्या शरीरात लोह, बी-१२, फोलिक आम्ल यांचा तुटवडा असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या निकषांनुसार बायपाससारख्या शोषण घटविणाऱ्या शस्त्रक्रियांनंतर गर्भनिरोधक गोळ्यांचा वापर सामान्यतः टाळावा असा आहे. तांबी, इंजेक्शन यांसारख्या पचनमार्गावर अवलंबून नसलेल्या साधनांना मात्र आडकाठी नाही. ज्या जोडप्याला हे सांगितले जात नाही त्यांच्या दृष्टीने गोळी 'चुकलेली' नसते, तरीही गर्भ राहतो. मग दोष स्त्रीच्या विसराळूपणावर ढकलला जातो.

दीर्घकाळ झिरपणाऱ्या गोळ्यांबद्दल एवढेच सांगता येईल, की त्या लांब आतड्यासाठी बनविलेल्या असतात. औषधाच्या पाकिटावर नावापुढे एस.आर., एक्स.आर., ई.आर. अशी अक्षरे असतात ती याचीच. बायपासनंतर, निदान सुरुवातीच्या काळात, त्याच औषधाचे साधे रूप विभागून घेण्याचा सल्ला देतात. गिळण्यास त्रास होतो म्हणून अशी गोळी कुटून घेणे ही मोठीच चूक, कारण बारा किंवा चोवीस तासांचे औषध त्यामुळे एकदम सुटते.

पुन्हा लेव्होथायरॉक्सिन

आता आरंभीच्या उदाहरणाकडे वळता येईल. लेव्होथायरॉक्सिन मुख्यतः मध्यांत्र व शेषांत्रात शोषले जाते. ग्रहणी वगळल्याने त्याचे फारसे अडू नये. ग्रीसमधील संशोधकांनी २०१३ मध्ये या औषधाचे शोषण शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर प्रत्यक्ष मोजले, तेव्हा बायपासनंतर ते जवळपास पूर्वीसारखेच, तर स्लीव्हनंतर उलट वाढलेले आढळले. स्टाफरूमचे निदान या मोजमापापुढे टिकत नाही.

मग टी.एस.एच. का चढत होते? कोणीतरी अखेर त्यांना गोळ्या घेण्याची वेळ विचारली. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या दिनक्रमात लोह, कॅल्शियम आणि बहुजीवनसत्त्वांच्या गोळ्यांची भर पडली होती. आठ वाजताचे व्याख्यान गाठायचे म्हणून सकाळी सहाला उठल्याबरोबर अवटूची गोळी आणि पंधरा मिनिटांत कॉफीसोबत उरलेल्या सर्व गोळ्या, असा त्यांचा शिरस्ता होता. लोह आणि कॅल्शियम लेव्होथायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात. कॉफीदेखील त्याचे शोषण घटविते. औषध आणि ही क्षारद्रव्ये यांत निदान चार तासांचे अंतर हवे. शस्त्रक्रियेपूर्वी त्या यांपैकी काहीच घेत नव्हत्या, म्हणून इतकी वर्षे अडचण आली नव्हती. शल्यचिकित्सकाने पूरक गोळ्या लिहिल्या त्या बरोबरच होत्या. अंतःस्रावतज्ज्ञांनी मात्रा वाढविली तीही आकड्याला धरूनच होती. दोन चिठ्ठ्या एकाच टेबलावर कधी आल्या नव्हत्या, एवढेच.

लोहाची गोळी दुपारच्या जेवणाच्या वेळेस आणि कॅल्शियम सायट्रेट सायंकाळी व रात्री, असे वेळापत्रक आखण्यात आले. सुमारे दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत टी.एस.एच. घसरून थेट खालच्या मर्यादेखाली गेले आणि त्यांना छातीत धडधड जाणवू लागली. १५० मायक्रोग्रॅमची मात्रा आता खरोखरच रक्तात पोहोचत होती आणि उतरलेल्या वजनाला ती जड होती. ती क्रमाक्रमाने ८८ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणावी लागली, म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही कमी. स्टाफरूममधील त्यांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार, तिची तारीख, चालू औषधे आणि प्रत्येकाची वेळ लिहिलेली आहे; त्याचीच एक प्रत त्या पर्समध्ये ठेवतात आणि दाताच्या डॉक्टरकडे जातानाही आधी ती पुढे करतात.